गळाचे रीळ कसे पारखावे

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे म्हसोबाची यात्रा भरते. बैलबाजार आणि घोंगड्या यांसाठी ही यात्रा दूरवर प्रसिद्ध आहे. बैल घेण्यास आलेला शेतकरी तेथे कसा वागतो, हे पाहण्यासारखे असते. तो प्रथम जनावराचे तोंड उघडून दात पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो, खूर उचलून न्याहाळतो, चार पावले चालवून चाल बघतो आणि मगच किमतीची गोष्ट काढतो. शिंगांना लावलेल्या रंगाला आणि गळ्यातील घुंगुरमाळेला तो भुलत नाही. परंतु हाच शेतकरी किंवा त्याचा मुलगा शहरातील दुकानात गळाची काठी व रीळ घेण्यास जातो, तेव्हा सोनेरी कड, चकचकीत मूठ आणि खोक्यावर छापलेला बेअरिंगचा मोठा आकडा पाहून पैसे मोजून मोकळा होतो. पुढे एखादे दिवशी दोन-तीन किलोचा मासा गळाला लागतो, रीळ ऐन वेळी अडकते, दोरा तुटतो आणि मासा तोंडात गळ घेऊन निघून जातो. पैसे गेले, मासा गेला, आणि तो मासाही बहुधा जखमी होऊन मरतो. वस्तुतः रिळाची परीक्षा बैलाप्रमाणेच हाताने करता येते. त्यासाठी यंत्रविद्येचे ज्ञान लागत नाही.

शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. काळू, शाई, बारवी, भातसा या नद्यांचे पाणी शेवटी उल्हास नदीस जाऊन मिळते. पावसाळ्यात या नद्या दुथडी भरून वाहतात, मार्गशीर्षापासून त्यांची धार बारीक होत जाते आणि फाल्गुन-चैत्रात ठिकठिकाणी डोह तेवढे उरतात. याखेरीज बारवी व भातसा ही मोठी धरणे, गावोगावचे लहान तलाव आणि अलीकडील वर्षांत खोदलेली शेततळी आहेत. डोहांत मरळ, खवली, शिंगाळी, वांब हे मासे आढळतात. तलावांत व धरणांत बीज सोडून वाढविलेले रोहू, कटला व मृगळ असतात, आणि कोणी न बोलावता आलेली तिलापियाही पुष्कळ ठिकाणी असते.

येथील लोकांना मासेमारी नवी नाही. पाग फेकणे, ओहोळात बांबूचे सापळे लावणे, काठीला दोरा बांधून गळ टाकणे या गोष्टी कातकरी व ठाकर बांधव पिढ्यानपिढ्या करीत आले आहेत, आणि पाण्याची व माशांची त्यांना असलेली पारख कोणत्याही पुस्तकातून मिळणारी नाही. गळाची विद्या तर या देशात फार जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावे असलेल्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून, त्यात माशांच्या जाती, त्यांना घालावयाचे खाद्य, काठी व दोरा यांविषयी सविस्तर माहिती दिली आहे. या चालुक्यांची राजधानी कल्याणी होय. मात्र ते आपले ठाणे जिल्ह्यातील कल्याण नव्हे, तर आज कर्नाटकात असलेले बसवकल्याण होय.

येथे एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. घराजवळच्या डोहात खवली धरावयाची असतील, तर रिळाची मुळीच आवश्यकता नाही. बांबूची लवचीक काठी, तिच्याइतकाच लांब तंगूस, लहान गळ आणि काडू एवढ्यावर काम उत्तम भागते, आणि खर्च नाममात्र येतो. रीळ हवे ते दोन कारणांसाठी. पहिले, आमिष काठीच्या लांबीपलीकडे, पंचवीस-तीस मीटर दूर टाकता यावे. आणि दुसरे, दोऱ्याच्या शक्तीपेक्षा जोरदार मासा लागला असता त्याला थोडा थोडा दोरा देत दमवून काठावर आणता यावे. यांपैकी दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे, आणि दुकानात त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

रिळाची रचना

आज सर्वत्र विकले जाणारे रीळ मूळचे इंग्लंडमधील. ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या शहरातील आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली अशा रिळाचे पेटंट घेतले. त्यापूर्वीच्या रिळात दोरा सुटताना त्याची चकती स्वतः गरगर फिरे. तिचा वेग आवरला नाही तर दोऱ्याचा गुंता होई, आणि हलके आमिष तर तिला फिरवूच शकत नसे. गिरणीत सुताची कांडी स्थिर असते आणि सूत तिच्या टोकावरून सरसर उलगडत जाते, हे पाहून इलिंगवर्थ यांना युक्ती सुचली. भिवंडीत यंत्रमागाच्या कामावर गेलेल्या येथील अनेकांनी कोनावरून सूत असेच उलगडताना पाहिले असेल. रिळातही हेच घडते. दोरा गुंडाळलेली फिरकी फेकीच्या वेळी स्थिर राहते आणि दोरा तिच्या पुढच्या कडेवरून निसटत जातो. परत गुंडाळताना तारेची एक कमान फिरकीभोवती फिरून दोरा तिच्यावर चढविते. १९३८ साली नायलॉनचा शोध जाहीर झाला आणि पुढे त्याचा एकसंध, गुळगुळीत दोरा, म्हणजेच आपला तंगूस, स्वस्त झाला. तेव्हापासून हे रीळ सर्वसामान्यांच्या हाती आले.

या रचनेवरूनच कोणते भाग पारखून घ्यावेत हे लक्षात येते. दोरा ज्या कडेवरून निसटतो ती फिरकीची कड, कमानीच्या टोकाचे ज्यावरून दोरा वळतो ते बारीक चाक, मुठीपासून कमानीपर्यंत गती पोहोचविणारी दातेरी चक्रे, आणि ताण फार झाला की फिरकीला थोडे फिरू देऊन दोरा सोडणारी योजना. या शेवटच्या योजनेस दुकानदार ड्रॅग म्हणतात. नाठाळ बैलाचा कासरा जाणता शेतकरी जसा थोडा सैल सोडतो व पुन्हा आवळतो, पण हातातून जाऊ देत नाही, तेच काम ड्रॅग करतो.

ड्रॅगची परीक्षा

खोक्यावर ड्रॅगची शक्ती सहा किलो, आठ किलो अशी छापलेली असते आणि ग्राहक मोठ्या आकड्याकडे ओढला जातो. हा आकडा बहुतेक वेळा निरुपयोगी होय. ०.३० मिलिमीटर जाडीच्या चांगल्या तंगुसाची ताकद साधारणतः सहा किलोच्या आसपास असते. गाठीमुळे त्यातील काही कमी होते, पाण्यातील दगडावर घासून आणखी थोडी जाते, आणि मासा अचानक झटका देतो तेव्हा क्षणभर ताण कित्येक पट वाढतो. म्हणून दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावरच ड्रॅग सुटेल असा लावावा, असा अनुभवी लोकांचा नियम आहे. सहा किलोच्या तंगुसास तो दीड ते दोन किलो येतो. मग आठ किलोचा ड्रॅग घेऊन करावयाचे काय?

तेव्हा ड्रॅग किती जोरात आवळतो हे पाहू नये, तर किती अलगद सुटतो हे पाहावे. दुकानात रिळावर थोडा दोरा गुंडाळून घ्यावा, ड्रॅगची कळ मध्यम आवळावी आणि दोरा हाताने हळूहळू ओढावा. चांगल्या रिळाची फिरकी पहिल्या क्षणापासून एकसारखी फिरू लागते. हलक्या रिळाची फिरकी आधी अडून बसते आणि मग एकदम हिसका देऊन सुटते. थोडे फिरून पुन्हा अडते. दोरा तुटतो तो नेमका या अडण्याच्या क्षणी. ही एक परीक्षा जे रीळ उतरणार नाही, ते बाकी सर्व बाबतींत कितीही देखणे असले तरी परत ठेवावे. पैसे मोजके असतील, तर ते याच गुणासाठी खर्च करावेत.

घरी आल्यावर ड्रॅग लावण्याची सोपी रीत आहे. पिशवीत दीड किलो तांदूळ मोजून भरावेत, पिशवी दोऱ्याच्या टोकाला बांधावी आणि काठी न जोडता नुसते रीळ हातात धरून उचलावी. पिशवी जमिनीवरून उचलली जाता जाता दोरा सुटू लागला म्हणजे कळ योग्य जागी आली असे समजावे. तांदूळ नंतर अर्थातच डब्यात परत जातो.

ड्रॅगसंबंधी एक चूक नवशिक्यांकडून हमखास होते. मासा दोरा ओढीत असतो, फिरकी सुटत असते आणि घाबरून मूठ गरगर फिरविली जाते. अशा वेळी दोरा आत येत तर नाहीच, उलट कमानीच्या प्रत्येक फेऱ्यागणिक त्याला एकेक पीळ बसतो. पुढच्या फेकीला तो भोवऱ्यासारखा वळून रिळावर गुंता होतो आणि दोष मात्र रिळाला दिला जातो. मासा ओढील तेव्हा मूठ स्थिर ठेवावी. तो थांबला की काठी हळू वर घ्यावी आणि खाली आणताना दोरा गुंडाळावा.

आकार, वेग आणि बाकीचे भाग

रिळांना १०००, २५००, ४००० असे क्रमांक असतात. हे क्रमांक सर्व कंपन्यांचे सारखे नसतात, तरी अंदाजापुरते उपयोगी पडतात. तिलापिया, खवली यांसारख्या लहान माशांसाठी १००० ते २००० चे रीळ आणि ०.२० मिलिमीटरचा तंगूस पुरेसा होतो. एकच रीळ घ्यावयाचे असेल, आणि बहुतेकांना एकच घ्यावयाचे असते, तर २५०० किंवा ३००० चे घ्यावे व त्यावर ०.२५ ते ०.३० मिलिमीटरचा तंगूस भरावा. नदीतील मरळ, तलावातील किलो-दोन किलोचा रोहू, मृगळ हे सारे त्यात येते. धरणातील मोठ्या कटल्याच्या मागे लागणाऱ्यानेच ४००० चा विचार करावा. मोठे रीळ जास्त टिकते ही समजूत खरी नाही. ते जड असते, लहान काठीवर तोल बिघडवते आणि तासाभरात मनगट भरून येते.

वेगाचा आकडा ५.२ : १ अशा स्वरूपात लिहिलेला असतो. मूठ एकदा फिरविली असता कमान ५.२ वेळा फिरते, असा त्याचा अर्थ. फिरकीचा व्यास साडेचार सेंटिमीटर असेल, तर तिचा घेर सुमारे चौदा सेंटिमीटर होतो आणि मुठीच्या एका फेऱ्यात सत्तर सेंटिमीटरच्या आसपास दोरा आत येतो. येथील कामास एवढा वेग भरपूर झाला.

बेअरिंगच्या संख्येविषयी फार बोलण्यासारखे नाही. नीट बसविलेली चार बेअरिंगे हलक्या दर्जाच्या दहांहून बरी. त्यापेक्षा रीळ कानाजवळ धरून मूठ सावकाश फिरवावी. घरघर ऐकू आली, किंवा एखाद्या ठिकाणी खडा लागल्यासारखे जाणवले, तर दातेरी चक्रे सदोष आहेत. मूठ मागे-पुढे हलवून पाहावी. फार मोकळी खेळत असेल तर गळ माशाच्या तोंडात रुतविण्याच्या वेळी तो ढिलेपणा नडतो. कमान पाच-पंचवीस वेळा उघडून मिटावी, ती प्रत्येक वेळी पुरती उघडली व मिटली पाहिजे. कमानीच्या टोकाचे चाक दोऱ्याबरोबर खरोखर फिरते की नाही हे अवश्य पाहावे. ते अडकले असेल तर दोरा एकाच जागी घासून थोड्याच दिवसांत कमजोर होतो. फिरकीच्या कडेवर कापसाचा पुंजका हलकेच फिरवावा. सूक्ष्म ओरखडा डोळ्यांना दिसत नाही, पण त्यात कापसाचा तंतू अडकतो; आणि जेथे कापूस अडकतो तेथे तंगूस कातला जातो.

डावखुऱ्या माणसाने मूठ दुसऱ्या बाजूला बसविता येते का ते विचारून घ्यावे. बहुतेक रिळांत तशी सोय असते. शेवटी रीळ काठीवर चढवून पाहावे. बैठक ढिली असेल तर चांगले रीळही डुगडुगते. काठी काचतंतूची घ्यावी. ती कार्बनच्या काठीपेक्षा थोडी जड, परंतु स्वस्त आणि आडदांड वापरास टिकणारी असते. कार्बनच्या काठीतून वीज वाहते. शेतांवरून व नदीकाठावरून गेलेल्या विजेच्या तारांखाली अशी काठी उंच धरणे प्राणावर बेतू शकते, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तरुणांना मुद्दाम सांगावे.

तंगूस भरताना तो फिरकीच्या कडेपासून सुमारे दोन मिलिमीटर खाली राहील इतकाच भरावा. कमी भरला तर फेक आखूड पडते, काठोकाठ भरला तर वेटोळी एकदम निसटून गुंता होतो.

पाणी कोणाचे?

रीळ आपले असले तरी पाणी बहुधा आपले नसते. धरणे व तलाव यांतील मासेमारीचे हक्क अनेक ठिकाणी मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. बीज सोडण्याचा खर्च त्या करतात. बारवी धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे आहे. तेव्हा गळ टाकण्यापूर्वी संस्थेची किंवा ज्यांच्या ताब्यात पाणी आहे त्यांची परवानगी घ्यावी. नदीत सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारणे हा कायद्याने गुन्हा आहे. अशा एका प्रकाराने डोहातील लहान-मोठे सारे जीव एकदम मरतात. तो डोह पुन्हा नांदता होण्यास काळ जावा लागतो.

शेततळे मात्र स्वतःचे असते. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेखाली राज्यात अनेकांनी तळी खोदली आणि काहींनी त्यांत मासे सोडले. माशांची वाढ पाहण्यासाठी किंवा पाहुणा आला असता एक-दोन मासे काढण्यासाठी सगळे तळे ढवळण्याऐवजी गळ सोयीचा पडतो. परंतु तळ्याला प्लॅस्टिकचे अस्तर असेल तर तळाशी जाणारे शिसे व गळ कदापि वापरू नयेत. अस्तराला पडलेले बारीक छिद्र सहसा दिसत नाही आणि पाणी मात्र रात्रंदिवस झिरपत राहते. तेथे दोऱ्याला बूच बांधून गळ पाण्याच्या मध्यावर लोंबता ठेवावा.

पिलांवरची मरळ

चांगले रीळ हाती आले की एक मोह उत्पन्न होतो, आणि त्याविषयी लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पावसाळ्यात डोहाच्या काठाला, भातखाचरालगतच्या पाण्यात, कधी कधी लालसर पिलांचा दाट थवा वर येताना दिसतो. ती मरळीची पिले होत. त्यांच्या खाली नर-मादी राखण करीत असतात, आणि थव्याजवळ काहीही पडले, मग तो बेडूक असो की रबराचे खोटे आमिष असो, ती त्यावर तुटून पडतात. भूक असो वा नसो, ती पिलांसाठी धावतात. यामुळे या दिवसांत मरळ धरणे अत्यंत सोपे असते आणि अशी मरळ दाखविणाऱ्याचे गावात कौतुकही होते. पण राखणदार गेला की काही वेळातच इतर मासे त्या थव्यावर तुटून पडतात. एका माशाच्या मोबदल्यात शेकडो पिले जातात आणि पुढील दोन-तीन वर्षे त्या डोहात मरळ का दिसत नाही, याचे उत्तर कोणाला सापडत नाही.

पहिल्या पावसाबरोबर प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या अंडीभरल्या माशांची गोष्टही अशीच आहे. पाग वा सापळा यांत जे सापडेल ते सापडते. गळात मात्र निवड राहते. ओल्या हाताने मासा धरून, गळ काढून, पोट भरलेली मादी परत सोडता येते. ज्या रिळाचा ड्रॅग अलगद सुटतो त्यावर दोरा तुटत नाही, मासा वेळेत काठावर येतो आणि सोडल्यास जगण्याचा संभव अधिक राहतो. आषाढ-श्रावणात मरळीचा थवा दिसेल तेथे गळ टाकू नये, असा निर्णय ग्रामसभेत चर्चा करून गावानेच घेतल्यास तो पाळला जाण्याची शक्यता अधिक असते.

निगा

रीळ पाण्यात बुडवून धुऊ नये. आतील वंगण निघून जाते. ओल्या फडक्याने चिखल पुसावा, कोरडे करावे आणि कमानीच्या बिजागरीवर व टोकाच्या चाकावर शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा. ड्रॅगच्या चकत्यांवर तेल जाऊ देऊ नये. घरी ठेवताना ड्रॅगची कळ पूर्ण सैल करावी. आवळलेल्या स्थितीत महिनोन् महिने राहिल्यास चकत्या दबून बसतात आणि पुढच्या हंगामात तोच हिसका सुरू होतो, ज्यासाठी दुकानात इतकी पारख केली होती.

तंगूस उन्हाने कमकुवत होतो, म्हणून नियमित वापर असल्यास वर्षाला बदलावा. जुना तंगूस नदीकाठी टाकू नये. तो कुजत नाही. चरणाऱ्या गुरांच्या पायांत गुरफटतो, गवताबरोबर पोटात जातो आणि बगळ्यांच्या पंखांना वेढे घालतो. तो गोळा करून घरी आणावा आणि वीतभर लांबीचे तुकडे करून कचऱ्यात टाकावा. गळाचे मोडके टोकही सोबत आणावे. चिखलणीच्या वेळी शेतात सर्वजण अनवाणीच असतात.